नऊ पोळ्यांचा लॅपटॉप

"मुलगा चांगला आहे," आमचे घरमालक म्हणाले, "हार्डडिस्क तर भलतीच मोठी आहे. पण रॅम चार जीबी. आई आणि बायको एकदम उघडल्या की हँग होणार."

त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, भाचीसाठी आलेल्या स्थळाबद्दल ते बोलत होते, आणि मुलाचे वडील अजून गेटपाशी चपला घालत होते. मी जिन्यात उभी होते, मला हसू आवरेना. काकूंनी कपाळाला हात लावला. ते स्थळ पुढे बारगळलं, आणि काका वर्षभर सांगत फिरले की एका मुलीचं आयुष्य आपण वाचवलं.

भोपाळला नेहरू नगरमध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी साडेचार वर्षं राहिले. ते ग्वाल्हेरचे, मी उज्जैनची. त्यामुळे कोणाचं मराठी जास्त बिघडलेलं आहे यावर आमचा रोज वाद, तोही निम्मा हिंदीत. एका मोठ्या सरकारी कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य काढून ते रिटायर झाले होते. कारखाना सुटला, पण खाकी कोट सुटला नव्हता. त्याच्या वरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि एक जुना टूथब्रश. टूथब्रश पंख्यातली धूळ काढायला. एकदा एका लग्नाच्या रिसेप्शनला ते सुटाच्या खिशात तोच टूथब्रश खोचून आले होते, आणि नवरदेवाच्या काकांनी तो कशासाठी हे विचारायची चूक केली. मग आइस्क्रीम संपेपर्यंत ते सुटू शकले नाहीत.

मी तेव्हा एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. पदाचं नाव 'अतिथी विद्वान'. आमच्या मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला असं म्हणतात. पुढच्या सत्रात ठेवतील की नाही हे सांगता येत नाही म्हणून अतिथी, आणि तक्रार करायची नाही म्हणून विद्वान. काकांना ही पदवी इतकी आवडली की पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नावाने हाक मारणं सोडून दिलं. "काय विद्वान, चहा घेणार?" "विद्वान, टाकी वाहून राहिली आहे, मोटर बंद करा!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात.

नवीन लॅपटॉप विकत घेणं म्हणजे चारित्र्याचा दोष, असं त्यांचं पक्कं मत होतं. "दुकानदार सांगतो लॅपटॉप म्हातारा झाला. अहो, म्हातारा तो नाही झाला, तुम्ही आळशी झालात! रॅम वाढवा, हार्डडिस्क काढून एसएसडी टाका, बघा कसा पळतो." समोरच्याला रॅम म्हणजे काय ते कळत नसलं तर त्यांना मनापासून आनंद व्हायचा. मग त्याला हाताला धरून थेट काकूंच्या स्वयंपाकघरात. "हा ओटा. ही झाली रॅम. ओटा लहान, तर एका वेळी भाजी चिरा नाही तर कणीक मळा, दोन्ही नाही. आता वर बघा, माळा. ही जुनी हार्डडिस्क. डबा पाहिजे तर स्टूल आणा, चढा, शोधा, उतरा. आणि हा मसाल्याचा डबा. हाताशी. हात घातला की हळद. ही एसएसडी!" काकू कढईपुढे उभ्या असायच्या आणि पाहुणा त्यांच्या आणि फोडणीच्या मधे. मी हे व्याख्यान किमान पंधरा वेळा ऐकलंय, आणि खरं सांगते, माझ्या वर्गात मी एकदाही इतकं सोपं शिकवू शकले नाही.

रविवारी सकाळी व्हरांड्यात त्यांचं ऑपरेशन थिएटर लागायचं. पैसे घ्यायचे नाहीत, पण अटी फार. पहिली अट म्हणजे लॅपटॉपच्या मालकाने पूर्ण वेळ शेजारी बसून टॉर्च धरायची. "ऑपरेशनला नातेवाईक पाहिजेच." दुसरी, आत हात घालण्याआधी मोरीतल्या नळाला हात लावून यायचं, कारण अंगातल्या विजेने नाजूक पुर्जे मरतात. हे शास्त्राला धरून होतं म्हणे, पण चांगले बँक मॅनेजर वगैरे लोक बूट काढून आमच्या मोरीत नळाला हात लावायला रांगेत उभे राहिलेले मी पाहिलेत. तिसरी गोष्ट म्हणजे कागद. काका आधी लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढायचे आणि ज्या भोकातला स्क्रू, तो चित्रातल्या त्याच भोकावर चिकटपट्टीने चिकटवायचे. कुठली वायर कुठून निघाली, कोण वर, कोण खाली, सगळं कागदावर. "स्क्रीन बदलत राहते विद्वान, कागद बदलत नाही," असं म्हणायचे.

आणि वेग मोजायचा पोळ्यांत. त्याला कारण होतं. त्यांच्या जागेवरून काकूंचा तवा सरळ दिसायचा. लॅपटॉपचं बटण दाबायचं आणि तो चालू होईपर्यंत काकूंच्या किती पोळ्या उतरतात ते मोजायचं. "सहा पोळ्या. बिलकुल गया-गुजरा नाही. दोनवर आणू." रॅम आणि एसएसडी टाकून झाल्यावर पुन्हा मोजणी. पोळी फुगायच्या आत पडदा उजळला की काका टाळी वाजवायचे, मालक टाळी वाजवायचा, आणि काकू म्हणायच्या, "आता कोणीतरी या पोळ्या खाल्ल्या पाहिजेत." त्यामुळे रविवारी वरच्या मजल्यावर चूल पेटवायची गरज मला पडत नसे.

माझा लॅपटॉप नऊ पोळ्यांचा होता. भावाने वापरून दिलेला. प्रबंधाची फाइल उघडायला सांगून मी आंघोळीला जायचे, आणि केस पुसत आले तरी ते गोल चक्कर फिरतच असायचं. "आणा की खाली," काका तीन वर्षं म्हणत होते. मी टाळत होते. मला त्यांचा स्वभाव माहीत होता, आणि त्या लॅपटॉपमध्ये माझी पीएचडी होती. सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कुटुंबांवरचा प्रबंध, तुलसी नगरात दारोदार फिरून जमवलेला, हिंदीत लिहिलेला. विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती. महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. आणि कॉलेजने तोंडीच सांगून टाकलं होतं की पुढच्या सत्रात पीएचडीवाल्यांनाच बोलावणार.

मुदतीला वीस दिवस उरले आणि लॅपटॉपने मान टाकली. एक तक्ता सरळ करायला अर्धा तास. मी रडकुंडीला येऊन तो खाली घेऊन गेले. काकांनी तो असा हातात घेतला, जसा कुणी जावयाचा हात घेतो.

"बॅकअप आहे ना, विद्वान?"

"आहे हो."

त्यांनी हे तीनदा विचारलं आणि मी तीनदा हो म्हणाले. बॅकअप म्हणजे एका पेनड्राइव्हमध्ये पहिली दोन प्रकरणं, तीही आठ महिन्यांपूर्वीची, नंतर मुळापासून बदललेली. मेलवर का नाही पाठवून ठेवलंस, असं नंतर जगाने मला विचारलं. मेल भरला होता. तो रिकामा करायला लॅपटॉप चालू करावा लागायचा. आणखी काय सांगू?

रॅम बसली. चारवर आठ टाकली, बारा झाली. मग जुनी हार्डडिस्क बाहेर काढून काकांनी ती आणि कोरी एसएसडी, दोन्ही वायरीने आपल्या कॉम्प्युटरला जोडल्या. आता जुनीतलं सगळं नवीत उतरवायचं आणि नवी माझ्या लॅपटॉपमध्ये बसवायची, एवढंच काम. दोन्ही पाचशे जीबीच्या. पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी आल्या. काकांनी कागदावर लिहिलं: वरची जुनी, खालची नवी.

इतक्यात काकू आल्या. त्या घरात नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरायची नाही असा दंडक होता. फ्रिज, मिक्सर, गॅसची नळी, खराट्यालासुद्धा हळदकुंकू लागायचं.

"अगं, जोडली आहे ती."

"मग काढा. पोरीच्या पीएचडीचं आहे, असंतसं काम नाही."

काढली. काढताना जुनीचीही वायर निघाली. काकू म्हणाल्या, "हिलापण लावते, इतकी वर्षं राबली बिचारी." मग दोन्ही डिस्क जोडीने देव्हाऱ्यात गेल्या, हळदकुंकू, अक्षता, शिऱ्याचा नैवेद्य. दहा मिनिटांनी दोघी परत आल्या आणि काकांनी पुन्हा वायरी जोडल्या. या खेपेला आधी नवी जोडली गेली, मग जुनी. पडद्यावर नवी वर गेली, जुनी खाली. नावं बारीक अक्षरात लिहिलेली होती. काकांनी ती वाचली नाहीत, कागद वाचला. वरचीतलं सगळं खालचीत. कॉम्प्युटरने विचारलं, खालच्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? काका म्हणाले, "शंभर टक्के," आणि बटण दाबलं. कोपरा न् कोपरा उतरवायचा, असा सगळ्यात कडक पर्याय त्यांनी निवडला होता, कारण अर्धवट काम त्यांना खपायचं नाही. आणि टॉर्च धरून शेजारी बसलेली नातेवाईक, म्हणजे मी, शिरा खात होते.

संध्याकाळी एसएसडी लॅपटॉपमध्ये बसली. काकू तव्यापाशी तयार. बटण दाबलं. पहिली पोळी उतरली, दुसरी, तिसरी. पडदा काळा. "नवीन आहे, लाजते," काका म्हणाले. सातवी. बारावी. काकांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. काकू लाटत राहिल्या. एकोणीस पोळ्यांवर कणीक संपली.

मग त्यांनी जुनी डिस्क जोडून पाहिली. तिच्यातही काही नव्हतं. कोरीतला कोरेपणा त्यांनी अगदी कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत माझ्या सहा वर्षांवर उतरवला होता. दुसऱ्या दिवशी शाहपुऱ्यात डेटा काढून देणाऱ्या दुकानात गेलो. त्या माणसाने दोन तास डोकं लावलं आणि म्हणाला, "अंकल, डिलीट हुआ होता तो निकाल देता. इसमें तो आपने झाड़ू-पोंछा सब लगा दिया." काकांनी त्याला थँक्यू म्हटलं. मला त्या थँक्यूचाही राग आला.

परत आल्यावर मी जिन्यात उभी राहून त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या पोळ्या काय, तुमचे नळ काय, रिटायर माणसाला उद्योग नाही म्हणून लोकांच्या आयुष्याशी खेळता, असं बरंच काही. ते वडिलांच्या वयाचे, आणि मी बोलायची थांबेना. काकू आतून पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. काका फक्त कोटाची बटणं उघडत होते आणि परत लावत होते. सॉरी म्हणाले नाहीत. त्यांच्या तोंडून सॉरी कोणी कधी ऐकलं नव्हतं. मी वर जाऊन दार लावलं आणि उताणी पडून पंख्याकडे बघत रडले.

सकाळी सात वाजता दार वाजलं. काका. दाढी केलेली, चष्मा पुसलेला.

"कागद द्या."

"कुठले कागद?"

"तुमच्या गाईड बाई स्क्रीनवर वाचत नाहीत ना? त्यांना छापून देत होतात ना तुम्ही? ते कागद."

होते की! गाईड बाईंनी लाल शाईने चिरफाड करून परत केलेली प्रकरणं माझ्या पलंगाखाली पिशवीत पडलेली होती, पाचही. रागाच्या भरात मला ती पिशवी आठवलीच नव्हती. काकांनी तिसरं, चौथं आणि पाचवं उचललं, दोन माझ्याकडे ठेवली, आणि खाली गेले.

त्यानंतरचे सतरा दिवस ते घर म्हणजे छापखाना झालं होतं. मी वर, पुन्हा विंडोज टाकून घेतलेल्या लॅपटॉपवर टाइप करायचे, ते खाली, आपल्या कॉम्प्युटरवर, दोन बोटांनी. प्रत्येक अक्षर आधी शोधायचं, सापडलं की बोट उंच उचलून त्याच्यावर टाकायचं. सकाळी सात ते दुपारी एक, तीन ते आठ. रविवारचं ऑपरेशन थिएटर बंद. दारात लोक लॅपटॉप घेऊन यायचे, तेव्हा काका आतूनच सांगायचे, "दुकानात न्या. मी आता हे काम करत नाही." त्या माणसाने दुकानात न्या म्हणावं!

टाइप करताना गप्प मात्र बसायचे नाहीत. "विद्वान, तालिका चार-तीनची बेरीज चुकली आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" खरंच चुकली होती. गाईड बाईंची लाल शाईसुद्धा तिथे गप्प होती. "आणि हे काय, 'उत्तरदाताओं के अनुसार, उत्तरदाताओं के अनुसार'. यांना नावं नाहीत का? चहा तर पाजला असेल ना त्यांनी तुम्हाला?" इतक्यावर भागलं असतं तर ठीक. त्यांनी मजकुरातच कंसात आपली मतं घुसडायला सुरुवात केली. "(हे मला पटत नाही.)" "(आमच्या कॉलनीत असं नव्हतं.)" एका जागी तर "(या बाई खोटं बोलत आहेत.)" रात्री जेवणानंतर मी त्यांची पानं घेऊन बसायचे आणि एकेक कंस शोधून उडवायचे. ते कारखान्याच्या क्वार्टरमध्ये पंचवीस वर्षं राहिलेत हे मला तेव्हा कळलं. सहा वर्षं मी क्वार्टरवाल्यांच्या शोधात तुलसी नगर पालथं घातलं होतं, आणि माझ्या पायाखाली राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता. तेव्हाही विचारला नाही. वेळ कुठे होता!

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता प्रबंध जमा झाला. शेवटचे दोन दिवस तर मी नुसते कंस शोधत होते, वाचत नव्हते.

तोंडी परीक्षेला पाच महिने लागले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे सगळे ज्यांना घाबरतात असे गृहस्थ. त्यांनी माझा प्रबंध मच्छी बाजारात मासा उलटावा तसा उलटून-पालटून पाहिला. पहिलं प्रकरण नेहमीचंच आहे म्हणाले, दुसरं दुसऱ्यांकडून घेतलेलं. मी पाण्याचा ग्लास घट्ट धरून बसले होते. मग त्यांनी चौथं प्रकरण उघडलं, खुणेची चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचलं:

"सरकारी क्वार्टर में आदमी कील ठोंकने से पहले दो बार सोचता है, और आम का पेड़ लगाने से पहले एक बार भी नहीं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "मॅडम, आपकी तीन सौ पन्ने की थीसिस एक तरफ, और ये एक वाक्य एक तरफ. मैं खुद क्वार्टर में पला हूँ. ये कहाँ से मिला आपको?"

मी ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. तालिका चार-तीनच्या खालचं. कंसात नव्हतं, म्हणून माझ्या हातून सुटलं होतं. हे कुणाचं, हे कळायला मला क्षणही लागला नाही. गाईड बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी म्हणाले, "फील्डवर्क करते-करते सूझ गया, सर."

"यही तो शोध है," सर म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. पुढचे प्रश्न नावापुरते झाले. मला डॉक्टर म्हणून टाळ्या पडल्या.

मी पेढे घेऊन घरी आले. गेट उघडायच्या आत काका व्हरांड्यात उभे होते. खाकी कोट नव्हता, तो जिन्यातल्या त्या दिवसापासून अंगावर चढलाच नव्हता. त्यांनी अभिनंदन केलं नाही, पेढ्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "माझ्या टाइपिंगमध्ये काही चूक निघाली का?"

"नाही काका. एकही नाही."

"पक्कं? तीन, चार, पाच, तिन्हीत?"

"तिन्हीत."

ते खुर्चीत बसले. मग आत हाक मारली, "ऐकलं का गं, विद्वान पास झाली! माझ्यामुळे काही बिघडलं नाही!" काकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी मला जवळ घेतलं. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून डोळे टिपले.

"एका जागी मला फार धाकधूक होती, विद्वान," ते हळूच म्हणाले. "वाटलं, तिथे तुम्हाला धरतील."

कुठल्या जागी, ते मी विचारलं नाही.